पगाराची कात्री नेमकी कोणावर चालली? मँचेस्टर युनायटेडच्या मालकांवरचा राग आणि आमचा न मिटणारा वाद

प्रश्न
गोदाकाठचा लाल (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. मी गेली सोळा वर्षे मँचेस्टर युनायटेडचे सामने पाहतो आहे. आम्ही सातआठ जण एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. सामना शनिवारी सायंकाळी असला तर घरचे काही बोलत नाहीत, मध्यरात्रीचा असला की दुसऱ्या दिवशी कामावर डुलक्या आवरताना प्रत्येकाची तारांबळ उडते. 27 ऑगस्ट 2025 ला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या रात्री साडेबाराला सुरू झालेला ग्रिम्सबीविरुद्धचा लीग चषकाचा सामना आम्ही असाच पाहिला. घरोघरी गणपती बसलेले, पोटात मोदक, आणि समोर चौथ्या श्रेणीतील संघाने 2-2 अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर 12-11 असे आम्हाला घरी पाठवले.

त्या रात्री जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, आणि तो ग्रिम्सबीबद्दल नसून मालकाबद्दल आहे. सर जिम रॅटक्लिफ यांनी डिसेंबर 2023 मध्ये क्लबचा एक चतुर्थांश हिस्सा घेण्याचा करार केला आणि फेब्रुवारी 2024 पासून फुटबॉलचा कारभार त्यांच्या माणसांकडे आला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते हे कबूल करतो. बहुसंख्य हिस्सा असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या हातून निम्मी तरी सुटका झाली, असे वाटले होते. पुढे जुलै 2024 मध्ये सुमारे 250 नोकऱ्या कमी करण्याचा निर्णय झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आणखी 150 ते 200 पदे जाणार असल्याचे जाहीर झाले. ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानावरील कर्मचाऱ्यांचे मोफत जेवण बंद करून त्याजागी फळे ठेवण्यात आल्याच्या बातम्या आल्या. क्लबचे माजी प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे वर्षाला वीस लाख पौंडांहून अधिक मानधनाचे सदिच्छादूतपद संपवण्यात आले. हंगाम ऐन मध्यावर असताना उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड करण्यात आला आणि त्यात लहान मुलांची व ज्येष्ठांची सवलतही गेली. एवढे सगळे झाल्यावर 2025 च्या उन्हाळ्यात कुन्या, एम्ब्यूमो आणि शेश्को या तीन खेळाडूंवर वीस कोटी पौंडांच्या आसपास रक्कम मोजण्यात आली.

आमच्यातला एक गट म्हणतो की पगारबिल छाटणे आवश्यकच होते, कारण क्लबने वर्षानुवर्षे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला घातला आहे. सप्टेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार वर्षाचा पगारखर्च 36.47 कोटी पौंडांवरून 31.32 कोटी पौंडांवर आला, हा त्यांच्या दृष्टीने नव्या कारभाराचा पहिला चांगला गुण आहे. दुसरा गट म्हणतो की ज्यांनी चुका केल्या त्यांचे काहीच बिघडले नाही आणि जेवण वाढणाऱ्या बाईची नोकरी गेली, याला शिस्त म्हणायचे असेल तर ती त्यांना नको. मी दोन्हीकडे मान डोलावतो, म्हणून दोन्ही गट माझ्यावर नाराज आहेत.

पगारबिल कमी करणे ही शिस्त कधी असते आणि कद्रूपणा कधी असतो, हे बाहेरून पाहणाऱ्या चाहत्याने कशावरून ओळखावे, एवढाच माझा प्रश्न आहे. हिशेबाची जाण असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1
ताळेबंद (गंगापूर रोड)

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु ते सगळे एकाच पिशवीत कोंबल्यामुळे वाद मिटत नाही. मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे आणि फुटबॉल क्लबांचे ताळेबंद वाचणे हा माझा जुना छंद आहे, त्यामुळे थोडे लांबण लागले तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट पगारबिलाची. 2024-25 या वर्षात क्लबचे उत्पन्न 66.65 कोटी पौंड होते आणि पगारखर्च 31.32 कोटी, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे 47 टक्के. त्याआधीच्या वर्षी 66.18 कोटींच्या उत्पन्नावर 36.47 कोटी, म्हणजे सुमारे 55 टक्के. एवढ्या मोठ्या क्लबसाठी ही दोन्ही प्रमाणे छाती दडपावी अशी नाहीत. पगारामुळे क्लब बुडत होता, असे यावरून म्हणता येत नाही. शिवाय जे 5.15 कोटी पौंड कमी झाले, त्यांचे सगळे श्रेय कारभाऱ्यांना देता येणार नाही. 2023-24 मध्ये संघ चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वांत मोठ्या क्लबस्पर्धेत होता आणि 2024-25 मध्ये नव्हता. त्या स्पर्धेची पात्रता हुकली की अनेक खेळाडूंचे वेतन करारानुसार सुमारे 25 टक्क्यांनी आपोआप खाली येते, हे वारंवार प्रसिद्ध झालेले आहे. वरान आणि मार्शल यांचे करार 2024 च्या उन्हाळ्यात संपले, आणि रॅशफर्ड फेब्रुवारी 2025 मध्ये उसनवारीवर ॲस्टन व्हिलाकडे गेल्यामुळे त्याच्या पगाराचा भार हलका झाला. मोठी घट येथून झालेली आहे, जेवणाच्या ताटातून नव्हे.

आता ताटाचाच हिशेब करू. कपातीच्या दोन्ही फेऱ्या मिळून 400 माणसे कमी झाली असे समजा आणि प्रत्येकामागे वर्षाला 40,000 पौंड खर्च होता असे धरा. हा आकडा माझा अंदाज आहे, क्लबचा नव्हे. गुणाकार 1.6 कोटी पौंड होतो. ही रक्कम मनात ठेवून अँटनीकडे पाहा. 2022 मध्ये या खेळाडूसाठी आठ कोटी पौंडांहून अधिक मोजण्यात आले आणि त्याचा करार पाच वर्षांचा होता. हिशेबाच्या रीतीप्रमाणे खरेदीची किंमत कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते, म्हणजे केवळ या एका खेळाडूपोटी दरवर्षी 1.6 कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्चाच्या बाजूला बसत होती, आणि त्याचा पगार वेगळाच. चारशे संसार एका पारड्यात आणि डाव्या पायाने आत वळणारा एक खेळाडू दुसऱ्या पारड्यात घातला, तर काटा मध्यावर थांबतो. खरेदीच्या अशा वार्षिक हप्त्यांची बेरीज 2023-24 मध्ये सुमारे 19 कोटी पौंड होती. दुखणे या रकान्यात आहे, आणि तो पगारबिलात धरलाच जात नाही.

नव्या कारभाराची स्वतःची चूकही याच ताळेबंदात सापडते. जुलै 2024 मध्ये प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवण्यात आला आणि 28 ऑक्टोबरला त्यांना काढण्यात आले. क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ यांना आणण्यासाठी महिनोन्‌महिने खटपट झाली आणि पाच महिन्यांतच ते बाहेर पडले. टेन हाग व त्यांचे सहकारी आणि ॲशवर्थ यांच्या निरोपाचा खर्च मिळून 1.45 कोटी पौंड झाला. माझ्या वरच्या अंदाजाशी तो ताडून पाहावा. चारशे माणसे घालवून वर्षभरात जेवढे वाचले असते, जवळजवळ तेवढेच दोन नेमणुका चुकल्यामुळे गेले.

याखेरीज कर्ज आहे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, तोही मोठ्या प्रमाणावर उसन्या पैशांवर, आणि ते कर्ज क्लबच्याच माथी बसवले. तोपर्यंत क्लब कर्जमुक्त होता. वीस वर्षे व्याज भरूनही 2025 मध्ये सुमारे 65 कोटी डॉलरचे दीर्घ मुदतीचे कर्ज शिल्लक होते, आणि रोजच्या गरजांसाठी उचललेली रक्कम त्याच्या वर होती. घर विकत घेणाऱ्याने आपल्या कर्जाचा हप्ता भाडेकरूच्या पगारातून कापावा, असा हा प्रकार आहे, आणि इंग्लंडमध्ये तो कायदेशीर आहे.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण येथे लागू पडते. नाशिककरांना सोमेश्वर जवळ आहे म्हणून बंब तिकडे नेणे सोयीचे वाटेल, हे समजू शकतो.

उत्तर 2
सातपूरकर

ताळेबंद काकांच्या हिशेबाला हात लावण्याची माझी पात्रता नाही, परंतु मी सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांच्या कर्मचारी विभागात अठरा वर्षे काढली आहेत. कपातीचा कागद वरून आला की तो खाली वाचून दाखवण्याचे काम माझ्यासारख्याकडे येते, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिचे नाव सांगत नाही, तेथे मंदीच्या काळात तिसऱ्या पाळीचा रात्रीचा नाश्ता बंद करण्यात आला. पोहे आणि चहा, याहून अधिक काही नव्हते. त्यातून महिन्याला जी बचत झाली ती मीच काढली होती, आणि ती एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गाडीच्या महिन्याच्या भाड्याएवढीही भरत नव्हती. कामगारांनी संप केला नाही, घोषणा दिल्या नाहीत. फक्त रात्री तीन वाजता यंत्र अडखळले तर पूर्वी जो फिटर स्वतःहून उठून पाहायचा, तो आता नोंदवहीत तक्रार लिहून सकाळच्या पाळीची वाट पाहू लागला. ही किंमत कोणत्याही रकान्यात दिसत नाही, आणि वरच्या मजल्यावर बसलेल्यांना ती कधी कळलीही नाही.

क्लबमधील जी माणसे गेली, ती कोण होती याचा विचार करा. तिकीट खिडकीमागची, दुकानातील, कार्यालयातील, वर्षानुवर्षे सामन्याच्या दिवशी तेच फाटक उघडणारी. खेळाडू तीन वर्षांत येतो आणि जातो. प्रशिक्षक तर आपल्याकडच्या भाडेकरूप्रमाणे अकरा महिन्यांच्या बोलीवर असल्यासारखे वाटतात. क्लबची आठवण या खालच्या माणसांजवळ असते. नव्याने आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला कोणत्या खुर्चीवर बसायचे नाही हे सांगणारा माणूस काढून टाकला, तर ते ज्ञान विकत कोठून आणणार?

मूळ प्रश्नकर्त्याने खूण विचारली आहे. मी कपातीची रक्कम पाहत नाही, तिचा क्रम पाहतो. कात्री आधी कोठे लागली? वरच्या मजल्यावर काही कापले गेले आणि मग खालच्या मजल्यावर वेळ आली, तर लोक चटका सोसून घेतात, कारण घरात अडचण आहे हे त्यांना दिसते. खालून सुरुवात झाली आणि वर पोहोचेपर्यंत कात्री बोथट झाली, तर त्याला काटकसर म्हणू नये. आमच्याकडे त्याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात.

फर्ग्युसन यांचे मानधन थांबवणे मला मात्र चुकीचे वाटत नाही. वीस लाख पौंड ही रक्कम मोठी आहे आणि ते कोणत्याही अर्थाने गरजू नाहीत. राग आलाच असेल तर तो त्या बातमीच्या शेजारी छापलेल्या जेवणाच्या बातमीचा यावा.

उत्तर 3
व्यवहारी (कॉलेज रोड)

येथे सगळे एका सुरात बोलू लागले आहेत म्हणून थोडा बेसूर होतो.

ताळेबंद यांनी चारशे माणसांच्या वार्षिक खर्चाशी 1.45 कोटी पौंडांच्या निरोपखर्चाची तुलना केली. ती ऐकायला प्रभावी आहे, परंतु लेखापालाने ती करायला नको होती. टेन हाग यांची भरपाई एकदाच द्यायची असते, पगार दरवर्षी द्यावा लागतो. पाच वर्षांचा हिशेब मांडला तर तीच चारशे पदे आठ कोटी पौंडांची होतात. अँटनीची खरेदीही रॅटक्लिफ येण्याच्या दीड वर्ष आधीची आहे. सासऱ्याने केलेल्या कर्जाबद्दल जावयाला जाब विचारण्यासारखे ते आहे. मार्च 2025 मध्ये रॅटक्लिफ यांनी मुलाखतींत स्पष्ट सांगितले होते की काही केले नसते तर वर्षअखेरीस क्लबकडील रोकड संपली असती, आणि ज्या खेळाडूंचे पैसे अजून देणे आहे ते आपल्याला वारशात मिळालेले आहेत. त्यांची भाषा रुक्ष होती. रुक्ष बोलणारा माणूस खोटेच बोलतो असे नाही.

ज्यांना खर्चिक मालक हवा आहे त्यांनी लीड्स युनायटेड आठवावे. पीटर रिड्सडेल अध्यक्ष असताना पुढच्या वर्षांची चॅम्पियन्स लीगची कमाई येणारच, असे गृहीत धरून त्या क्लबने कर्ज काढून खेळाडू घेतले. 2001 मध्ये संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता आणि चाहते आनंदात होते. पुढच्या हंगामांत पात्रता हुकली, कर्जाचे हप्ते थांबले नाहीत, खेळाडू एकेक करून विकावे लागले, 2004 मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला आणि 2007 मध्ये आणखी एक पायरी खाली. प्रीमियर लीगमध्ये परतायला 2020 उजाडले. अध्यक्षांच्या कार्यालयात भाड्याने आणलेले सोनेरी मासे होते, ही गोष्ट इंग्लंडमध्ये अजून सांगितली जाते. मासे कोणी आठवत नाही अशी वेळ यावी असे वाटत असेल, तर कोणीतरी वेळेवर ‘नाही’ म्हणावे लागते.

बार्सिलोनाचेही तसेच झाले. ऑगस्ट 2021 मध्ये मेस्सी रडत बाहेर पडला, त्यामागे कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्याला ठेवले असते तर पगारखर्च उत्पन्नाच्या 110 टक्के झाला असता, असे अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितले होते. ऋण काढून सण साजरा करण्याचा शेवट असा होतो, आणि तेव्हा कपात फळांवर भागत नाही.

एक प्रश्न मात्र सर्वांना विचारतो, राग मानू नये. आपण नाशिकमध्ये बसून सामने पाहतो. आपल्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी तिकीट घेतले आहे? शिवाजी रोडवरून घेतलेल्या नकली जर्सीचे पैसे ओल्ड ट्रॅफर्डला पोहोचत नाहीत. 66 पौंडांचा संताप मँचेस्टरशेजारच्या साल्फर्डच्या बापलेकांनी करावा, तो त्यांचा अधिकार आहे. आपला संताप उसना आहे.

उत्तर 4
ताळेबंद

व्यवहारी यांचा पहिला आक्षेप मान्य आहे. एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च शेजारी ठेवताना मी तसे स्पष्ट लिहायला हवे होते. परंतु त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट निसटली आहे, आणि माझ्या मते या चर्चेत ती सर्वांत महत्त्वाची आहे.

2025-26 पर्यंत प्रीमियर लीगचा नियम एकूण तोट्यावर बेतलेला होता. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 10.5 कोटी पौंडांचा तोटा चालत होता, आणि त्यातून अकादमी, महिला संघ, समाजोपयोगी कामे यांचा खर्च वगळला जात होता. या नियमात माळ्याचा पगार वाचवला तरी तो वाचलेला पौंड खेळाडूवर खर्च करता येत होता, त्यामुळे कर्मचारीकपातीला नियमाचा आधार होता. 2026-27 पासून मात्र हे चित्र पालटते. क्लबांनी नोव्हेंबर 2025 मध्ये मंजूर केलेल्या नव्या पद्धतीत संघावरील खर्चाला उत्पन्नाच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्यांसाठी युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाची मर्यादा 70 टक्के आहे. या दोन्हींमध्ये खेळाडूंचे व मुख्य प्रशिक्षकाचे वेतन, खरेदीचे वार्षिक हप्ते आणि दलालांची फी मोजली जाते. स्वयंपाकी, माळी, तिकीट खिडकीवरचा कारकून हे त्या मोजणीत येतच नाहीत.

याचा अर्थ असा की यापुढे एखाद्या मालकाने ‘चांगला मध्यरक्षक आणता यावा म्हणून कार्यालयातील माणसे कमी करतो आहे’ असे सांगितले, तर नियमाच्या हिशेबाने त्या दोन गोष्टींचा संबंध उरणार नाही. रोकड वाचेल, हे खरे. मध्यरक्षकासाठीची मर्यादा एका पौंडानेही वाढणार नाही.

उत्तर 5
जुना कूपरेजकर (नाशिक रोड)

मी वयाने आपणा सर्वांहून मोठा असावा. नोकरीनिमित्त बरीच वर्षे मुंबईत होतो, निवृत्तीनंतर नाशिक रोडला घर केले. व्यवहारी यांनी राग उसना असल्याचे लिहिले, त्यावर थोडे सांगावेसे वाटते, कारण माझा राग उसना नाही.

मी महिंद्रा युनायटेड या मुंबईच्या फुटबॉल संघाचा प्रेक्षक होतो. कूपरेज मैदानाच्या लाकडी बाकांवर बसून मी हा संघ पाहिला. 2005-06 मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, त्याआधी 2003 मध्ये फेडरेशन चषक घेतला होता. 2010 मध्ये हा संघ बंद करण्यात आला. शालेय फुटबॉलवर लक्ष द्यायचे आहे, असे कारण देण्यात आले. कंपनीला तोटा होता, असे काही नव्हते. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या हिशेबात फुटबॉल संघाचा पगारखर्च म्हणजे लग्नातल्या विड्याच्या पानांचा खर्च. खेळाडू इतरत्र गेले. आम्हा प्रेक्षकांना मात्र जाण्यासाठी दुसरे घर नव्हते. 2015 मध्ये पुणे एफसीचे तेच झाले आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटीचे. माझा पुतण्या त्या शेवटच्या संघाचे सामने पाहायला नाशिकहून बालेवाडीला जायचा. त्याच्याकडे अजून तो भगवा-जांभळा स्कार्फ आहे आणि तो कोणाला घालून दाखवावा हा त्याच्यापुढे प्रश्न आहे.

आताचे उदाहरण हवे असेल तर 2025 चेच घ्या. इंडियन सुपर लीग चालवणाऱ्या कंपनीचा भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संपणार होता, नवा झाला नव्हता, म्हणून जुलैमध्ये पुढचा हंगाम थांबवत असल्याचे क्लबांना कळवण्यात आले. ऑगस्टच्या सुरुवातीला बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन स्थगित केले, चेन्नईयिननेही तोच मार्ग धरला. तेथे पगारबिल 36 वरून 31 वर आले नाही, ते शून्यावर आले. सुनील छेत्री ज्या संघात होता त्या संघाचे हे झाले. बेंगळुरूच्या मालकांना मी सर्वस्वी दोष देत नाही. सामनेच होणार नसतील तर पैसा कोठून येणार? आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येईल? परंतु ओल्ड ट्रॅफर्डच्या तुलनेत एक फरक नोंदवतो. तेथे मालकाला निदान तिकीट काढणाऱ्यांना तोंड द्यावे लागते. 2010 मध्ये मालकांच्या निषेधार्थ हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घालून हजारो माणसे बसली, मे 2021 मध्ये मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामना लांबणीवर टाकायला लावला. मी त्या घुसखोरीचे समर्थन करत नाही. आमचा संघ बंद झाला तेव्हा मात्र मैदानाबाहेर चार माणसेही उभी राहिली नाहीत, आणि त्या न आलेल्यांत मी होतो.

म्हणून व्यवहारी, आपण म्हणता ते एका अंगाने बरोबर आहे. तिकीट काढणाऱ्याचा राग पहिला. परंतु परदेशातील प्रक्षेपणाचे हक्क विकून प्रीमियर लीगला जे उत्पन्न मिळते, त्यात आपल्या घरातील महिन्याच्या वर्गणीचाही वाटा आहे. तो लहान आहे. उसना नाही.

उत्तर 6
व्यवहारी

काका, उसना हा शब्द मागे घेतो. नकली जर्सीचे विधान कायम ठेवतो, कारण ते माझ्या स्वतःच्या कपाटावरून लिहिले होते.

उत्तर 7
गोदाकाठचा लाल (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री गच्चीवर हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सातपूरकर यांचा तिसऱ्या पाळीचा नाश्ता आल्यावर आमच्यातला सर्वांत कट्टर रॅटक्लिफसमर्थक गप्प झाला, कारण तो स्वतः अंबडला रात्रपाळी करतो आणि त्याच्याकडे दोन महिन्यांपूर्वी अगदी असेच काही घडले आहे. तो पूर्वी म्हणायचा की मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. काल त्याने विचारले की चुकीचा प्रशिक्षक नेमणाऱ्यांपैकी कोणाचा पगार कापला गेला का. आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

वाद मिटला असे म्हणणार नाही. माझी स्वतःची भूमिका मात्र आता थोडी पक्की झाली आहे. कासेमिरोला तिशीत मोठ्या पगारावर आणणे, अँटनीला त्या किमतीला घेणे, चाळीस पौंडांच्या किमतीच्या खेळाडूला चारशे देणे, या सवयी मोडल्या जात असतील तर मला आनंदच आहे, आणि रॅशफर्ड, सँचो, गार्नाचो जाताना मी डोळे पुसले नाहीत. पगारबिल खाली आले याचा राग नाही. ते खाली आणताना सर्वांत आधी ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, त्यांचा त्या बिलात वाटाच नगण्य होता, याचा आहे. आणि 66 पौंडांच्या तिकिटाचाही आहे, मी ते कधी काढणार नसलो तरी.

जुना कूपरेजकर काकांना एक विनंती. महिंद्रा युनायटेडचे ते दिवस आपण वेगळा धागा काढून सविस्तर लिहावेत. आमच्या गच्चीवरच्या आठांपैकी सहा जणांना असा संघ महाराष्ट्रात होता हेच काल रात्री प्रथम कळले. आपल्या पुतण्यालाही शनिवारी सायंकाळी इंदिरानगरला पाठवा. त्याला तो स्कार्फ घालून यायला सांगा.